मोचे मडकी: अधिकार चेहऱ्यात की कानातल्यात?

कुंभारवाडा: पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरचे मोचे लोक (अंदाजे इ. स. 100 ते 800) माणसाच्या डोक्याच्या आकाराची मडकी करत. वर रिकिबीसारखी पोकळ दांडी, तिलाच तोटी. सगळे 'काय हुबेहूब चेहरा!' म्हणून थांबतात. मला वाटतं, हुद्दा चेहऱ्यात नाहीच. तो डोक्यावरच्या फेट्यात आणि कानातल्या जाड चकत्यांत आहे. बंदिवानांची मडकी बघा. नागडा माणूस, गळ्यात दोर, आणि कानाच्या पाळीला भलंमोठं रिकामं भोक. चकत्या काढून घेतल्या, भोक राहिलं. कुंभाराने ते मुद्दाम दाखवलंय.

तिरकस: म्हणजे अधिकार अंगावरून उतरवता येतो? मग तो ओठावर व्रण असलेला माणूस घ्या. पुरातत्त्वज्ञ क्रिस्टोफर डॉननने त्याची 40 हून जास्त मडकी ओळखली, पोरवयापासून तिशीपर्यंतची. फेटे बदलतात, व्रण तोच. नुसता हुद्दाच दाखवायचा होता तर व्रण कशाला कोरत बसले असते? लोकांना *तो* ओळखू यायला हवा होता.

कुंभारवाडा: ओळखू आला, कबूल. पण साच्यातून काढलेला चेहरा दहा ठिकाणी पोचतो तो मुळात मोठ्या माणसाचा असतो म्हणूनच ना? आणि सिपान, म्हणजे पेरूतली मोचे सरदारांच्या कबरींची जागा, विसरू नका. 1987 मध्ये पुरातत्त्वज्ञ वॉल्टर आल्वा यांनी उघडलेल्या कबरीत मडक्यांवर रंगवलेलाच साज निघाला. त्यातल्या सोन्याच्या एका कर्णभूषणावर अंगठ्याएवढा योद्धा आहे, आणि त्या पठ्ठ्याच्याही कानात चकत्या!

घाटावरची: तुम्ही दोघं पुरुषांवरच भांडताय. या चेहऱ्याच्या मडक्यांत बायका जवळजवळ नाहीतच. आणि 2006 मध्ये पेरूतल्याच एल ब्रुखो या मोचे स्थळी सापडलेली काओची बाई, म्हणजे एका मोचे सत्ताधारी बाईची ममी? हातांवर साप-कोळ्यांचं गोंदण, सोबत मुकुट आणि युद्धाच्या गदा. एवढी सत्ता, तरी तिच्या चेहऱ्याचं मडकं दाखवा एक.

तिरकस: हा मुद्दा बिनतोड. पण तो कुंभारवाडा यांच्याही विरुद्ध जातो. साज तिच्याकडेही होता, मग नुसत्या साजावर मडकं का नाही झालं?

कुंभारवाडा: गोंदण उतरवता येत नाही, एवढं मात्र मला आत्ता सुचतंय. बाकी रात्री लिहितो, दुकान बंद करायचंय.