बर्फाची 'उंची' की 'जाडी'?

दादरच्या आमच्या वाचनालयात मुलांसाठी विज्ञानाचं भित्तिपत्रक लावतो. या वेळचा विषय आहे उपग्रहावरच्या लेझरने ध्रुवांवरचा बर्फ कसा मोजतात. मी लिहिलं, 'बर्फाची उंची कमी झाली.' रोज येणाऱ्या एका आजोबांनी पेन्सिलीने 'उंची' खोडून 'जाडी' केलं. बर्फाला जाडीच असते म्हणाले. काय ठेवू?

उत्तर १
उंचीच ठेवा, ताई. पहाटे ससून डॉकला हातगाडीवर बर्फाच्या लाद्या येतात, त्या डोळ्यांपुढे आणा. लादी वरपासून तळापर्यंत केवढी, ती जाडी. लादीचा माथा रस्त्यापासून किती वर, ती उंची. तिच्यात गाडीही आली. सप्टेंबर २०१८मध्ये सोडलेला 'आइससॅट-२' हा उपग्रह साधारण ५०० किलोमीटरवरून हिरव्या प्रकाशाचे सेकंदाला १०,००० झोत सोडतो. एकेका झोतात लाखो कोटी प्रकाशकण निघतात आणि दुर्बिणीत परततात जेमतेम डझनभर! त्यांना जाऊन यायला लागलेल्या वेळावरून माथा कळतो. तळ लेझरला दिसतच नाही. खालच्या खडकाची उंची रडारने काढतात, ती वजा केली की जाडी.

अजून एक. लादीवर भुसा पसरलेला असला तर लेझर भुशाचा माथा मोजेल. ध्रुवांवर भुशाच्या जागी भुसभुशीत ताजं हिम असतं. ते दबलं तरी माथा उतरतो, थेंबभर पाणी न होता. म्हणून 'उंची कमी झाली' याचा अर्थ लगेच 'बर्फ वितळला' असा करू नका. 'माथा उतरला' हे मला सगळ्यात खरं वाटतं.

उत्तर २
'समुद्रसपाटीपासून' हा शब्दही सवयीने येईल, तो टाळा. ही उंची आधी पृथ्वीच्या गणिताने ठरवलेल्या, ध्रुवांकडे किंचित चपट्या आकारापासून धरतात.

आणि समुद्रावर गोठलेल्या थराला 'हिमनग' म्हणू नये. हिमनग जमिनीवरच्या बर्फाचा तुकडा तुटून तरंगतो तो. हा 'सागरी बर्फ'. तिथे मात्र आजोबांचा शब्द लागेल, कारण शोध जाडीचाच असतो. आधी बर्फ पाण्याच्या वर किती आहे ते मोजतात. बर्फाचा साधारण नऊ-दशांश भाग पाण्याखाली, त्यामुळे वर एका सेंटीमीटरची चूक झाली की जाडीत ती नऊ-दहा सेंटीमीटरची होते. या वरच्या भागाला मी 'पाण्यावरची उंची' लिहीन. कोळीवाड्यात होडीच्या पाण्याबाहेरच्या अंगाला काही नेमका शब्द असेल तर कुणीतरी जरूर सांगा, तो इथे फार शोभेल.

प्रश्नकर्ती
लादी आणि हातगाडी आजोबांना सांगितली. खोडलेली 'उंची' त्यांनी स्वतःच पुन्हा लिहिली आणि खाली सागरी बर्फाच्या चौकटीत 'जाडी' घातली. होडीचा शब्द मिळेपर्यंत 'पाण्यावरची उंची' ठेवते. भित्तिपत्रक शनिवारी लागतंय.