ऑपरेशनचा पेशंट वॉर्डात देताना तोंडी हँडओव्हर पुरतो का?

ओटी_सिस्टर:
माझं स्पष्ट मत, पुरत नाही. मागे रिकव्हरीतून (ऑपरेशननंतर पेशंट शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात ती खोली) एक पेशंट दिला, पोटात दोन ड्रेन (आतलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या) होते, मी घाईत "ड्रेन आहे बरं का" एवढंच बोलले, वॉर्डातल्या सिस्टरने एकच बघितला आणि दुसरा शिफ्टिंगसाठी क्लॅम्प केलेला तो तसाच बंद राहिला, संध्याकाळी पोट फुगलं तेव्हा कळलं. पेशंट सावरला, पण चूक माझी होती. ठरलेला क्रमच हवा. काय ऑपरेशन, ब्लड लॉस किती, ड्रेन-कॅथेटर किती आणि कुठे, पेनकिलर-अँटिबायोटिकचा शेवटचा डोस किती वाजता, आणि काय झालं तर सर्जनना लगेच फोन. एसबीएआर, म्हणजे परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस या क्रमाने माहिती द्यायची पद्धत, सगळीकडे सक्तीचं करा.

वॉर्ड_नाइट_ड्युटी:
ताई मला नाही पटत. एसबीएआर आलं अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून, बिघडलेल्या पेशंटबद्दल डॉक्टरांना फोन करायचा तर उत्तम आहे, पण त्यात ड्रेनसाठी वेगळा रकानाच नाही! आणि आणखी एक फॉर्म आला की काय होतं ते मी रोज बघते, पेशंट यायच्या आधीच टिका मारून तयार. तुमच्या केसमध्ये दोघींनी मिळून चादर बाजूला करून बघितलं असतं तर फॉर्मशिवाय दुसरा ड्रेन सापडला असता.

आयसीयू_वाली:
क्रम हवाच, पण कागदापेक्षा शिस्तीचा. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलने मुलांच्या हार्ट सर्जरीनंतरच्या हँडओव्हरसाठी फॉर्म्युला वनच्या पिट स्टॉपवरून (शर्यतीत गाडी थांबते आणि प्रत्येक जण आपलं ठरलेलं काम झटपट करतो तो थांबा) पद्धत बसवली होती, २००७ ला अभ्यास छापून आला. आधी व्हेंटिलेटर, मॉनिटर, लाइन्स जोडून घ्यायच्या, मग एकेकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. चुका कमी झाल्या आणि वेळही वाढला नाही. आपल्याकडे मात्र एक हात मॉनिटरच्या वायरीत आणि कान ब्लड लॉसच्या आकड्याकडे, मग काय लक्षात राहणार?

वॉर्ड_नाइट_ड्युटी:
हे मान्य. पण तिथे माणसं होती. मी एकटी, एकाच वेळी दोन ट्रॉल्या दारात, कोणाचं शांत बसून ऐकू?

ओटी_सिस्टर:
मग निघायच्या आधी आम्ही फोन करायचा आणि तुम्ही हो म्हटल्यावरच ट्रॉली हलवायची, हे आमच्या हातात आहे. एसबीएआरला ड्रेन आणि डोसच्या ओळी जोडू, ते तुमचं बरोबर आहे. पण कागद सोडायला मी तयार नाही, रात्री तीनला डोस दिला का नाही हे आठवणीवर कसं सोडायचं?

वॉर्ड_नाइट_ड्युटी:
डोसचं चार्टवर असतंच, तेच परत दुसऱ्या फॉर्मवर उतरवताना वेळ चुकीची पडते, आमच्याकडे झालंय असं. त्यापेक्षा चार्ट उघडून दोघींनी एकत्र वाचा, मी ऐकलेलं परत बोलून दाखवते, ड्रेनला हात लावून मोजते, मग सही. रिकव्हरीवाल्यांना तेवढी पाच मिनिटं थांबू देतात का, ते आधी सांगा.

ओटी_सिस्टर:
नाही देत. पुढची केस टेबलवर असते. उद्या इनचार्जकडे हेच मांडते, तुमच्या वॉर्डाकडूनही कुणी या सोबत.