गाल बसले, मांड्या भरलेल्या. कॉम्प्लिमेंट (जंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिनं) पैकी सी-३ कमी, सी-४ नॉर्मल. पुढे काय?

धरमपेठ_रेसिडेंट:
मुलगी १३ वर्षांची. दीड वर्षात आधी गाल बसले, मग मान, दंड, छाती. कमरेखाली चरबी शाबूत. भूक चांगली, थायरॉइड, टीबी पाहून झालं. सी-३ ३८, सी-४ २४ मिग्रॅ/डेसिलिटर. बाराकेर-सिमन्स (शरीराच्या वरच्या भागातली चरबी झिजण्याचा आजार) म्हणावं का? आणि कॉम्प्लिमेंट चरबीवरच काहून उठतं?

पॅथॉलॉजी_नागपूर:
चित्र तेच आहे. चरबीची पेशी फॅक्टर डी, म्हणजे अ‍ॅडिप्सिन, स्वतः बनवते. सी-३ आणि फॅक्टर बी पण. कॉम्प्लिमेंट चालू होण्याच्या अल्टरनेट मार्गाचा दारूगोळा घरातच! फॅक्टर डी फॅक्टर बीला कापतो आणि सी-३ कन्व्हर्टेज, म्हणजे सी-३ तोडणारं एन्झाइम, तयार होतं. एरवी ते काही मिनिटांत सुटं होतं. सी-३ नेफ्रायटिक फॅक्टर ही आयजीजी ऑटोअँटिबॉडी (स्वतःच्याच शरीरावर उठणारी अँटिबॉडी) त्याला धरून ठेवते, मग सी-३ खर्च होत राहतं. सी-४ दुसऱ्या, क्लासिकल मार्गातलं, त्याला धक्का लागत नाही. ही अँटिबॉडी असलेलं सीरम (पेशी काढलेला रक्तद्रव) चरबीच्या पेशी फोडतं हे १९९३ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं.

वरचीच चरबी का? फॅक्टर डी शरीरभर सारखा बनत नाही, असं सांगतात. मला ते अर्धंच पटतं, कारण हाच अँटिबॉडी असून चरबी जागच्या जागी असलेले किडनीचे पेशंट कितीतरी.

लॅबवाला_४४००१०:
एका रिपोर्टवर शिक्का मारू नका. स्ट्रेप्टोकॉकल संसर्गानंतरच्या नेफ्रायटिसमध्येही (किडनीची सूज) सी-३ पडतं, सी-४ बहुधा नॉर्मल राहतं. पण ६-८ आठवड्यांत सी-३ सावरतं. तीन महिन्यांनी परत करा. दोन्ही कमी निघाले तर आधी ल्युपस (दुसरा एक ऑटोइम्युन आजार) शोधा.

सीएच-५० (एकूण कॉम्प्लिमेंटच्या कामाची टेस्ट) पाठवायचं असेल तर सीरम लवकर वेगळं करून उणे ७० ला गोठवा आणि कोरड्या बर्फात पाठवा. मे महिन्यात नागपुरात डबा तासभर बाहेर राहिला की आकडा खोटा कमी येतो.

आणि साखर पाहताना एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) एकट्यावर जाऊ नका. आपल्याकडे सिकल (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष) भरपूर. तो असला की आकडा फसवतो. उपाशीपोटीची आणि ग्लुकोज दिल्यानंतरची साखर करा.

धरमपेठ_रेसिडेंट:
लघवी साफ आहे. म्हणजे किडनीचं टेन्शन नाही ना?

नेफ्रो_विदर्भ:
आज साफ आहे, एवढंच. साधारण पाचातल्या एकाला पुढे सी-३ ग्लोमेरुलोपथी किंवा एमपीजीएन (दोन्ही किडनीच्या गाळणीचे आजार) होतो, तोही चरबी गेल्यावर बऱ्याच वर्षांनी. म्हणून दर ३-६ महिन्यांनी बीपी, क्रिएटिनिन, लघवीची मायक्रोस्कोपी आणि सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. सी-३ वरखाली झालं म्हणून औषध बदलू नका, निर्णय लघवीवर घ्या. प्रोटीन टिकून राहिलं तर बायॉप्सी; पण सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला की इम्युनोफ्लुओरेसन्स (चमकणाऱ्या रंगाने अँटिबॉडी, सी-३ पाहणं) गेलं. त्यासाठीचा तुकडा मिशेल द्रावात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचा ग्लुटाराल्डिहाइडमध्ये.

वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा दाखवा, ड्रुसेन (पडद्याखालचे पिवळसर ठिपके) सापडतात. मेनिंगोकॉकस आणि न्यूमोकॉकसच्या लसी द्या.

धरमपेठ_रेसिडेंट:
स्टिरॉइड? आई चेहऱ्याचंच विचारते.

नेफ्रो_विदर्भ:
स्टिरॉइडने गेलेली चरबी येत नाही, साखर मात्र वाढते. इप्टाकोपॅन हे औषध फॅक्टर बी अडवतं, पण ते सी-३ ग्लोमेरुलोपथीसाठी, गालांसाठी नाही. चेहऱ्याला प्लास्टिक सर्जन मांडीची चरबी काढून भरू शकतो. झीज थांबून वर्ष-दोन वर्षं झाल्यावरच. भरलेल्यातली काही जिरते, पुन्हा भरावी लागते, हे आईला आधीच सांगा.