पैसे भरून काळं व्हायची हौस का असते तिकडच्या लोकांना?

रावेरचा_केळीवाला:
मंडळी एक शंका. माझा मावसभाऊ जर्मनीत असतो, परवा व्हिडिओ कॉलवर सांगत होता की त्याच्या ऑफिसातले लोक हिवाळ्यात सोलारियममध्ये जातात, म्हणजे पैसे भरायचे अन् दिव्यांच्या पेटीत आडवं पडून रंग चढवून घ्यायचा, आणि उन्हाळ्यात समुद्रावर तेल लावून पडायचं. कॅन्सरचं माहितीये म्हणे त्यांना, तरी! इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, पोरी स्कूटीवर सनकोट, हातमोजे, स्कार्फ, नुसते डोळे दिसतात. हे लोक असं का करतात?

धुळेकर_भो:
पाठव भो त्यांना भुसावळले, दुपारी दोनला प्लॅटफॉर्मवर उभं करू, फुकटात 😂

अमळनेरची_ताई:
स्किनच्या दवाखान्यात कामाला आहे म्हणून सांगते. आधी युरोपातही गोरेपणाचाच तोरा होता, कारण उन्हात राबायचा तो मजूर. मग कारखाने आले, मजूर छपराखाली फिका पडला, आणि रंगलेलं अंग म्हणजे सुट्टी परवडते असं झालं. १९२० च्या दशकात फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेल समुद्रावरून सावळी होऊन आली अन् फॅशन पडली असं सांगतात. बाकी रंग चढतो तो पेशींच्या डीएनएला मार बसल्यावर, शरीर बचावाला मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं द्रव्य) वाढवतं एवढंच. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने ती सोलारियमची मशीन तंबाखूच्याच, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या गटात टाकली, ब्राझीलने त्याच वर्षी बंदी घातली, जर्मनीत १८ च्या आतल्यांना मनाई आहे. पण पुडीवर फोटो छापून आपल्याकडे तरी कोण गुटखा सोडतं! त्यात अतिनील (यूव्ही) किरणांनी त्वचेत एंडॉर्फिन तयार होतं, बरं वाटतं, मग परत जावंसं वाटतं.

तापीकाठ:
पण डी व्हिटॅमिनसाठी डॉक्टरच उन्हात बसा म्हणतात ना?

अमळनेरची_ताई:
दादा, त्याला थोडा वेळ हातपाय उघडे ठेवले तरी भागतं, काळं व्हायची गरज नाही. आणि त्या पेट्यांत बहुतेक यूव्हीए प्रकारचे किरण असतात, डी बनतं यूव्हीबी प्रकारच्या किरणांनी.

रावेरचा_केळीवाला:
म्हणजे आपल्यासारख्या सावळ्यांना टेन्शन नाही ना ताई? आमचे आप्पा आयुष्यभर बागेत.

अमळनेरची_ताई:
त्वचेचा कॅन्सर आपल्यात खूप कमी, पण होतच नाही असं नाही. आपल्याकडे मेलेनोमा (त्वचेचा एक घातक कॅन्सर) बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली निघतो (त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो), लोक काटा रुतला समजून महिनोनमहिने काढतात. काळा डाग वाढत असेल तर दाखवा. आप्पांचे डोळेही तपासा, उन्हाने मोतीबिंदू लवकर येतो. आणि आपण हसायचं कारण नाही हं, लग्न ठरलं की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडचं मलम आणून गोरं व्हायला तोंडाला फासणाऱ्या पोरी रोज येतात आमच्याकडे, चेहरा लालबुंद, कातडी पातळ, ऊन अजिबात सहन होत नाही.

रावेरचा_केळीवाला:
आप्पांचे तळपाय आजच बघतो. भावाला स्क्रीनशॉट टाकला तर म्हणे सायबाला सांगून उपयोग नाही, तो म्हणतो तुझं बरंय, तुला फुकट मिळालं 😀