उतरलेलं, वारशाचं, सेकंडहँड: तुमच्याकडे काय आहे आणि ते आधी कुणाचं होतं?

परवा कपाट आवरताना आजीचा लोकरी कोट बाहेर काढला. आजीनं स्वतः शिवलेला, मग आईनं वापरला, आता मी. तिघींची अंगकाठी वेगळी, आजी काडी, आई भरलेली आणि माझं तर विचारूच नका, तरी तिघींना बसला कारण आजीनं शिवणीच्या आत भरपूर माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडली होती. या वेळी कोट उलटा करून नीट बघितला तर बगलेखाली दोन जुन्या शिवणींच्या खुणा, सुईची बारीक भोकं एका ओळीत, आणि जिथं माया उसवून बाहेर काढलीय तिथला पट्टा गर्द हिरवा, कारण त्याला कधी ऊनच लागलं नव्हतं. आम्ही आयुष्यभर त्याला "करडा कोट" म्हणत आलो!

तर धागा त्यासाठी. दुसऱ्याच्या अंगावरून तुमच्याकडे आलेला कपडा किंवा दागिना, त्याची गोष्ट सांगा. नुसतं "खूप जवळचं आहे" नको हं, वस्तूवर काय खूण आहे तेही लिहा. झीज, ठिगळ, डाग, बदललेलं बटण, काहीही. आणि वापरता की गुंडाळून ठेवलंय?

*

माझ्याकडे आजेसासूबाईंची अंगठी आहे. तळहाताच्या बाजूनं झिजून अगदी तारेसारखी झालीय. आत "५०" असं कोरलेलं, त्यावरून घरात सगळे सांगायचे की त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आजेसासऱ्यांनी केली, मीही पुढे दहा जणांना हेच सांगितलं. सोनाराकडे मजबूत करायला नेली तर तो भिंग लावून म्हणाला, ताई हे ७५० आहे, सात झिजून गेलाय! म्हणजे हजारात ७५० भाग सोनं, अठरा कॅरट. वाढदिवस बिढदिवस काही नाही. मागून नवा तुकडा झाळून घ्या म्हणाला, नाहीतर एक दिवस तुटेल. घेतला. घरी मात्र अजून कुणाला सांगितलं नाहीये, सासूबाई ती गोष्ट इतकी रंगवून सांगतात की माझी जीभच रेटत नाही.

*

सोनाराचा विषय निघालाच आहे तर माझा जळफळाट ऐका. आईचं लॉकेट, मागे तिच्या आईनं कोरून घेतलेली दोन अक्षरं, बारीक वळणदार, मी फक्त साफ करायला दिलं, फक्त साफ, आणि त्या माणसानं मशीनवर धरून असं काही चकचकीत करून आणलं की मागची बाजू आरसा! अक्षरं गायब. वर मलाच म्हणतो, बघा नव्यासारखं केलं. पॉलिश म्हणजे वरचा थर घासून काढणं हे मला तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं. आता तिरप्या उजेडात धरलं की एका अक्षराची वेलांटी दिसल्यासारखी वाटते, नवरा म्हणतो तो ओरखडा आहे. कोरीव काम असेल तर देण्याआधी फोटो काढा आणि "मशीन लावायचं नाही" हे लिहून द्या, तोंडी नको.

*

मी सगळ्यात धाकटी. तीन बहिणी. त्यामुळे "उतरलेले कपडे" हा शब्द ऐकला तरी अजून कपाळावर आठी येते, सॉरी. घरात तीन फोटो आहेत, वेगवेगळ्या वर्षांचे, तीन वेगळ्या मुली आणि फ्रॉक एकच. पहिल्या फोटोत पांढरी कॉलर, दुसऱ्यात कॉलर काढलेली, तिसऱ्यात म्हणजे माझ्यात खाली दुसऱ्याच कापडाची पट्टी लावून लांबी वाढवलेली. मला नवा हवा होता. रडले होते त्या दिवशी, फोटोत डोळे सुजलेले दिसतात. धाग्यावर सगळे हळवे होणार म्हणून हेही असू दे. फ्रॉक कुठे आहे? माझ्याच कपाटात. का ते विचारू नका.

*

वरच्या ताईंना जोरदार अनुमोदन 😄

माझी वस्तू सेकंडहँड, घरातली नाहीच. जुन्या कपड्यांच्या ढिगातून उचललेला पुरुषी लोकरी ओव्हरकोट, मी बाई आहे, बटणं उजव्या बाजूला असल्यामुळे पहिले आठ दिवस घालताना हात चुकायचा. डाव्या खिशाचं अस्तर चार वेळा शिवलंय, चार वेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी, उजवा खिसा जसाच्या तसा. कोण होता हा माणूस आणि डाव्या खिशात एवढं काय जड ठेवायचा? माझी थिअरी किल्ल्यांचा जुडगा. मैत्रीण म्हणते दगड गोळा करत असेल.

एक उपयोगाचं सांगते. जुनी लोकर घरात आणली की आधी कसर बघा. उडणारा पतंग कापड खात नाही, खातात त्याच्या अळ्या, त्यांना लोकरीतलं केराटिन लागतं. मी कोट प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशावर दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवला. मुलानं आइस्क्रीम शोधायला दार उघडलं आणि आत एक बाही! ती किंकाळी शेजारी ऐकू गेली.

*

आजोबांचं चावीचं घड्याळ. रोज चार मिनिटं पुढे पळतं. दुरुस्तीवाल्यानं लावून देतो म्हटलं, मी नको म्हटलं, कारण आजोबा सगळीकडे वेळेआधी पोचायचे आणि आता कारण कळलं.

काटे आणि आकडे आधी अंधारात चमकायचे म्हणे, आता नाही. मला वाटलं रंगातलं रेडियम, म्हणजे तो किरणोत्सर्गी धातू, संपलं. तर तसं नसतं, रेडियम निम्मं व्हायलाच साधारण १६०० वर्षं लागतात, त्याच्यासोबत मिसळलेलं, खरं चमकणारं झिंक सल्फाइड त्याच्या किरणांचा मार खाऊन निकामी होतं आणि चमक तेवढी जाते. म्हणजे चमकत नाही म्हणून निर्धोक असं समजून कुणी काच उघडून डायल खरवडू नका, ती भुकटी नाकातोंडात जाणं वाईट. चावी मी रात्री झोपताना देतो, बत्तीस वेळा पिळ. आजोबा तीस द्यायचे असं आजी म्हणते. दोनाचा हिशोब लागत नाही.

*

मावशीच्या मोत्यांच्या सराबद्दल लिहू का नको असं करत होते. मावशीनं मला दिला तेव्हा आईनं आणि तिनं मिळून अर्धा तास सूचना दिल्या, सेंट मारल्यावर घालायचे, आधी नाही, आंबट काही लागू द्यायचं नाही, घाम पुसून ठेवायचे, मोती म्हणजे शेवटी कॅल्शियम कार्बोनेट. सगळं पाळलं. मग सर तुटला. प्रत्येक मोत्यामागे गाठ होती म्हणून एकच ओघळला, तो उचलला आणि कुठेतरी वाचलेलं म्हणून दातावर घासला. खरा असेल तर किंचित खरखरीत लागतो. हा काचेसारखा गुळगुळीत. दुसरा घासला, तिसरा घासला. सगळे गुळगुळीत.

मावशी ऐंशीच्या पुढे आहे. तिला कुणी दिला, त्या माणसाला माहीत होतं का, तिला माहीत आहे का, काहीच विचारायची सोय नाही. गाठी मारून पुन्हा ओवून घेतला आणि अजूनही सेंट सुकल्यावरच घालते.

*

@मोतीवाल्या ताई, कल्चर्ड असतील असं तर नाही ना? कल्चर्ड म्हणजे नकली नव्हे, माणसानं मुद्दाम करवून घेतलेले असले तरी शिंपल्यातच तयार होतात, जपानच्या कोकिची मिकिमोतोनं १८९३ मध्ये पहिले अर्धगोल मोती असेच काढले होते.

*

नाही हो, कल्चर्डसुद्धा दाताला खरखरीतच लागतात. चोवीसच्या चोवीस तपासून झालेत. दात दुखायला लागले.

*

थोडं वेगळं मत. आजीच्या पाटल्या मी विकल्या. फी भरायची होती. आजीनंच सांगितलं होतं, अडलं तर मोड. मोडल्या. खूण वगैरे काही नाही, पावतीही नाही. वाईट वाटलं नाही तेव्हा आणि आजही वाटत नाही, फक्त लोक "अरेरे" म्हणतात त्याचा कंटाळा येतो.

*

पणजीचा रेशमी झगा. हा वापरताच येत नाही, उचलताही येत नाही धड. घडीच्या प्रत्येक रेषेवर उभा चिरलाय, कुणी ब्लेडनं फाडल्यासारखा. मला वाटायचं उंदीर किंवा कुणाचा तरी हलगर्जीपणा, आत्यानं तर माझ्या काकूवर आळ घेतला होता आणि त्यावरून दोघींत दोन वर्षं अबोला! जुन्या कापडांचं काम करणाऱ्या एका बाईंना दाखवला तेव्हा उलगडा झाला. रेशमातला डिंक धुऊन काढला की वजन साधारण पाव भागानं घटतं, आणि रेशीम विकलं जायचं वजनावर, म्हणून त्या काळी कारखान्यातच कथलाचे क्षार मुरवून वजन भरून काढायचे. तेच क्षार पुढे धागा खातात. म्हणजे झगा विकत घेतला त्या दिवसापासूनच त्याची मुदत ठरलेली होती. त्या म्हणाल्या, शिवू नका, टाका घातला तिथूनच फाटेल, आम्लरहित कागदाचे बोळे घडीत ठेवा आणि अंधारात असू द्या.

काकूला सांगायला गेले तर म्हणाली, हे आत्याला तू सांग, मी नाही.

*

चांदी काळी पडली म्हणून टूथपेस्ट घासू नका, ओरखडे पडतात. गरम पाणी, खायचा सोडा आणि भांड्याच्या तळाशी अ‍ॅल्युमिनियम फॉइल. तो काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा असतो, त्याची परत चांदी होते. सडक्या अंड्याचा वास येतो, घाबरू नका. खडे बसवलेले असतील किंवा नक्षीत मुद्दाम काळं ठेवलेलं असेल तर हे करू नका, मी केलंय, पैंजण आता भुंडे दिसतात.

*

धागा काढणारी परत आलेय. मोत्यांचं वाचून गप्प बसले बराच वेळ.

कोट काल शिंप्याकडे नेला, भाचीसाठी. ती माझ्यापेक्षा खांद्यात रुंद आहे, पोहते. त्यानं उलटा करून बोटांनी चाचपला आणि म्हणाला, बगलेत अर्धा इंच उरलाय, बाह्यांना थोडी आहे, पाठीत काही नाही, आधीच्या बाईंनी सगळी काढली. ती आधीची बाई मी. भाची म्हणते श्वास न घेता घालीन. पुढच्या आठवड्यात ट्रायल आहे, कळवते.