किल्लीने चालणाऱ्या अलार्मला कीपॅड जोडता येईल का?

प्रश्न: घरातील १२ व्होल्टचा अलार्म किल्लीच्या स्विचने चालू-बंद होतो. किल्ली प्रत्येकाजवळ नसल्यामुळे दाराबाहेर कीपॅड बसवण्याचा विचार आहे. कीपॅडच्या रिलेच्या (विजेच्या संकेताने उघडझाप होणाऱ्या स्विचच्या) दोन तारा त्या किल्लीच्या स्विचला समांतर जोडल्या तर चालेल का?

उत्तर १: स्विच किल्ली सोडताच परत फिरत असेल, तर चालेल, मात्र रिले बाहेर ठेवू नये. झाकणाचे स्क्रू काढून त्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या, की कोड न दाबताच अलार्म बंद होतो. म्हणून बाहेर फक्त बटणे असावीत आणि कोड तपासणारे सर्किट रिलेसह आत, अलार्मच्या पॅनेलच्या (मुख्य नियंत्रकाच्या) पेटीत ठेवावे. ४ × ४ बटणांच्या साध्या कीपॅडला आठच तारा लागतात, आणि त्या उघड्या पडल्या तरी कोड हाती लागत नाही.

प्रश्नकर्ता: माझा स्विच फिरवलेल्या जागीच राहतो.

उत्तर १: मग समांतर जोडणी उपयोगाची नाही, कारण किल्लीने जोडलेला संपर्क रिलेला तोडता येणार नाही. स्विच तीन टोकांचा असल्यास, स्थिती धरून ठेवणारा तसाच तीन टोकांचा रिले घेऊन जिन्याच्या दिव्यासारखी, म्हणजे दोन्हींपैकी कुठूनही चालू-बंद करता येईल अशी जोडणी करावी. मात्र त्यानंतर किल्लीच्या दिशेवरून अलार्मची स्थिती कळणार नाही, म्हणून एक एलईडी अवश्य लावावा.

उत्तर २: चार अंकी कोडच्या १०,००० शक्यता असतात, पण चार बटणे झिजून चकचकीत झाली, की २४च उरतात. तीन चुकांनंतर कीपॅड काही काळ गोठेल, अशी सोय ठेवावी आणि कोड अधूनमधून बदलावा.