डायलिसिस, फॉस्फरस आणि सुकी मांदेली

प्रश्न (वेंगुर्ले): आईचे डायलिसिस सुरू आहे. या महिन्यात रक्तातला फॉस्फरस ६.८, म्हणजे जास्त आला, पण पेजेबरोबर भाजलेली सुकी मांदेली नसली तर ती दोन घासांत उठते. मासे बंदच करावेत का?

उत्तर (रत्नागिरी): बंद करू नका, डायलिसिसवर प्रथिनांची गरज वाढते. मात्र मांदेली आपण काट्यासकट चावून खातो आणि काटा म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, शिवाय सुक्या मासळीत मीठही फार. त्याऐवजी ताज्या सुरमईची काटे काढलेली लहान तुकडी द्यावी. प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे.

उत्तर (मालवण): डाळींतला फॉस्फरस शरीरात कमी शोषला जातो, कोलासारख्या पेयांतला मात्र जवळजवळ सगळा. सेवेलॅमरसारखी, अन्नातला फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी दिली असेल, तर ती जेवतानाच घेतात ना, हे आवर्जून पाहा.

प्रश्नकर्ती: आई ती झोपताना घेत होती! उद्याच डॉक्टरांना सांगते.